आईच्या अंगावरची खूण

एक लाल अक्षर, पाठीवरचे एक झाड आणि निळ्या डोळ्यांचा हट्ट : अमेरिकन कादंबऱ्यांतील काही आया आणि त्यांच्या मुली

समुद्राच्या काठी सात वर्षांची एक मुलगी एकटीच खेळते आहे. आई थोड्या अंतरावर एका म्हाताऱ्याशी बोलत उभी आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला कोणी नाही. मुलीने झाडाच्या सालीच्या होड्या करून पाण्यात सोडल्या, किनाऱ्यावर आलेले समुद्री प्राणी हाताळून पाहिले, मग वाहून आलेले गवत गोळा करून त्याची ओढणी केली, डोक्याला गुंडाळले. नटणे पूर्ण झाले तरी काहीतरी राहिलेच, असे तिला वाटते. ती पुन्हा गवत घेते आणि आईच्या छातीवर जसे अक्षर आहे, अगदी तसेच आपल्या छातीवर लावते. आईचे अक्षर लालभडक आहे, हिचे हिरवे. अक्षर इंग्रजी वर्णमालेतले पहिले, ए.

आता आई मला याचा अर्थ विचारेल का, असा विचार करत ती उड्या मारत आईकडे जाते. आई विचारतेही. मुलीला एवढेच ठाऊक आहे की पाटीवर गिरवतात ते हे मोठे ए. मग ती उलट आईलाच विचारू लागते : तू हे का लावतेस? आणि सात वर्षे ज्या आईने त्या अक्षराबद्दल कधी लपवाछपवी केली नाही, ती त्या दिवशी प्रथमच खोटे बोलते. त्यावरची सोनेरी जर मला आवडते, म्हणून लावते, असे सांगून ती मोकळी होते.

नॅथॅनियल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी बी.ए.ला इंग्रजी घेतले असेल त्यांना ती आठवत असेल, बहुधा गाइडमधून. ‘ए म्हणजे पाप, अरण्य म्हणजे स्वातंत्र्य’ अशी समीकरणे पाठ करून अनेकांनी या कादंबरीवर मार्क मिळवले आहेत. पण प्रतीक म्हणजे समीकरण असते तर हॉथॉर्नला एवढी मोठी कादंबरी लिहिण्याची गरजच नव्हती. ज्या पानांवर एक मूल आईच्या शिक्षेला दागिना समजून बसते, ती पाने गाइडमध्ये फार तर दोन ओळींत उरकलेली असतात. खरी कादंबरी तिथेच आहे.

जरीच्या दोऱ्याने भरलेली शिक्षा

गोष्ट सतराव्या शतकातल्या बॉस्टनची. इंग्लंडहून आलेल्या कर्मठ प्युरिटन लोकांनी वसवलेले हे गाव. धर्म आणि कायदा यांत तिथे काही अंतर नव्हते. हेस्टर प्रिन ही तरुण विवाहिता. तिचा नवरा तिला पुढे पाठवून मागाहून यायचा तो आलाच नाही. दोन वर्षे उलटल्यावर तिला मूल होते. शिक्षा अशी, की तान्ही मुलगी कडेवर घेऊन भर बाजारातल्या चौथऱ्यावर तीन तास उभे राहायचे आणि जन्मभर छातीवर लाल कापडाचे ए अक्षर वागवायचे. इंग्रजीत व्यभिचाराला ‘ॲडल्टरी’ म्हणतात, त्यातले हे पहिले अक्षर. गंमत म्हणजे हा शब्द हॉथॉर्न कादंबरीत एकदाही उच्चारत नाहीत. मुलीचा बाप कोण, हे सर्वांसमोर विचारले जाते, पण हेस्टर तोंड उघडत नाही. तो त्याच गावचा पूजनीय तरुण धर्मोपदेशक आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांत तोही आहे!

ही शिक्षा लेखकाने हवेतून काढलेली नव्हती. प्लिमथ वसाहतीच्या १६५८ च्या कायद्यात अशा गुन्ह्यासाठी कापडाची दोन अक्षरे वरच्या वस्त्रावर शिवून घालण्याची तरतूद होती. हॉथॉर्न यांच्या घराण्याचाही या इतिहासाशी जवळचा संबंध होता. सेलम गावात १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आली. त्या खटल्यांच्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हे या लेखकाचे पूर्वज. नॅथॅनियलने तरुणपणी आपल्या आडनावात इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर वाढवून घेतले. पूर्वजांपासून थोडे दूर सरकण्यासाठी त्याने ते केले असे मानले जाते. एका अक्षराचे वजन किती असते, हे त्याला घरूनच ठाऊक होते म्हणायचे. १८४९ साली राजवट बदलल्यावर सेलमच्या कस्टम हाउसमधली त्याची सरकारी नोकरी गेली, त्याच उन्हाळ्यात आई वारली आणि त्याच सुमारास ही कादंबरी लिहिली गेली.

हेस्टर काय करते ते आपल्या घरातल्या शिवणटिपण करणाऱ्या बायांना लगेच समजेल. तिच्या हातात कला आहे. शिक्षेचे अक्षर लावायचेच आहे ना, मग ते ती सोनेरी जरीने असे काही भरते की जमलेल्या बायकांचा जळफळाट होतो. शिक्षा करणाऱ्यांनी कापडाचा तुकडा सांगितला होता, त्याचे नक्षीकाम तिने स्वतःच्या मर्जीने केले. पुढे गावाबाहेर समुद्राजवळच्या झोपडीत राहून ती शिवणकामावरच मुलीला वाढवते. गव्हर्नरच्या गळपट्ट्यापासून तान्ह्या बाळांच्या टोपड्यांपर्यंत सगळे तिच्याकडून भरून घेतले जाते. फक्त नव्या नवरीचा घुंगट तिच्याकडे कोणी कधी देत नाही.

वर्षे जातात. ती आजाऱ्यांची शुश्रूषा करते, मरणाऱ्यांच्या उशाशी बसते, आणि गावातले काहीजण म्हणू लागतात की ते ए अक्षर ‘एबल’ या शब्दाचे असावे. म्हणजे समर्थ, खंबीर बाई. कापड तेच, जर तीच. वाचणाऱ्यांची नजर बदलली.

पण मोठ्यांची नजर बदलायला सात वर्षे लागली. लहानग्या पर्लचे मात्र वेगळेच होते. (पर्ल म्हणजे मोती. आईने सर्वस्व मोजून घेतलेला, म्हणून हे नाव.) जन्मल्यापासून तिने आईला त्या अक्षराशिवाय पाहिलेलेच नाही. पाळण्यात असताना तिने पहिल्यांदा हात घातला तो आईच्या चेहऱ्याला नव्हे, त्या चमकणाऱ्या जरीला. एकदा अरण्यात हेस्टर ते अक्षर काढून ओढ्याकडे भिरकावते, केस मोकळे सोडते; क्षणभर तिचे तारुण्य परत येते. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. पण ओढ्यापलीकडे उभी असलेली पर्ल जागची हलत नाही. आईच्या मोकळ्या छातीकडे बोट दाखवून ती किंचाळते, पाय आपटते. ही माझी आई नव्हे, असेच जणू तिला म्हणायचे असते. शेवटी आईला ते अक्षर उचलून पुन्हा लावावे लागते. तेव्हा कुठे मुलगी ओढा ओलांडून येते, आईचा मुका घेते आणि त्या अक्षराचाही.

लोकांनी लादलेली खूण आईच्या अंगावर इतकी मुरते, की पोटच्या पोरीला तिच्यावाचून आई ओळखूच येत नाही. हा प्रसंग वाचून पुस्तक मिटवून ठेवावेसे वाटते. मला तरी वाटले.

मलाही अशी खूण कर

हेस्टरचे अक्षर कापडाचे होते. पिन काढली की निघत होते. ही कादंबरी छापली जात असताना अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लक्षावधी माणसे गुलामगिरीत होती आणि त्यांच्या अंगावरच्या खुणा निघणाऱ्या नव्हत्या. त्या आयांची गोष्ट तोलामोलाने सांगितली जायला बराच काळ जावा लागला. टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ १९८७ मध्ये आली, दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. साहित्याचे नोबेल मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

या कादंबरीची नायिका सेथी आपल्या आईची एकच ठळक आठवण सांगते. आई शेतावर राबणारी, पोरीला दूध पाजायलाही तिला फार दिवस मिळाले नव्हते. एक दिवस तिने सेथीला आडोशाला नेले, कपडा वर केला आणि छातीखाली बरगडीवर तापल्या लोखंडाने डागलेली खूण दाखवली. एक वर्तुळ, त्यात फुली. उद्या मला काही झाले आणि चेहऱ्यावरून ओळख पटली नाही, तर या खुणेवरून ओळख, असे तिने सांगितले. ही खूण असलेली बाकीची सगळी माणसे मेली होती.

लहान सेथीने यावर विचार केला आणि तिला एकच अडचण दिसली : मग तू मला कशी ओळखशील? मलाही अशी खूण कर ना! आईने तिच्या थोबाडीत मारली. ती का मारली, हे सेथीला पुढे स्वतःच्या अंगावर खूण उमटली तेव्हा कळले.

हिरव्या गवताचे ए लावून नाचत येणारी पर्ल आणि ‘मलाही’ म्हणणारी सेथी, या दोन मुलींमध्ये एकशे सदतीस वर्षांचे अंतर आहे. एक गोऱ्या लेखकाची, दुसरी कृष्णवर्णीय लेखिकेची. दोघींनाही आईसारखे व्हायचे आहे आणि आई म्हणजे तिच्या अंगावरची खूण, एवढेच त्यांना ठाऊक. एक आई खोटे बोलली, दुसरीने मारले. दोघींना मुलीला त्याच गोष्टीपासून वाचवायचे होते.

सेथीची स्वतःची खूण पाठीवर आहे. चाबकाचे वळ भरून आले, पण पाठीवर मोठा व्रण राहिला. गरोदर अवस्थेत केंटकीहून पळालेल्या सेथीला वाटेत एक गोरी, तिच्याइतकीच कंगाल पोर भेटते. ती ती पाठ पाहून म्हणते की हे तर झाड आहे. हे खोड, या फांद्या, ही पाने, हा मोहोर. सेथीला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. तिची स्वतःची पाठ तिला दुसरीच्या शब्दांतून कळते. त्या पोरीने होडीत सेथीचे बाळंतपण केले. तिचे आडनाव डेन्व्हर. जन्मलेल्या मुलीचे नाव सेथीने डेन्व्हरच ठेवले.

पुढची गोष्ट सांगताना हात जड होतो. मालक शोधत आला तेव्हा मुलांना पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचे नाही म्हणून सेथी आपल्या हाताने थोरल्या मुलीला मारते. यामागे मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ मधली खरी घटना आहे. मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक असताना जुन्या कागदपत्रांवर काम करताना ती त्यांच्या वाचनात आली होती. कादंबरीत त्या मुलीच्या थडग्यावर नाव कोरायला सेथीजवळ पैसे नाहीत. कोरणाऱ्याला ती दहा मिनिटे आपले शरीर देते, त्यात सात अक्षरे मिळतात. ‘बिलव्हेड’ या शब्दाला इंग्रजीत सातच अक्षरे लागतात. अर्थ, लाडकी. आणखी दहा मिनिटे दिली असती तर आधीचा ‘अत्यंत’ हा शब्दही मिळाला असता का, हा प्रश्न तिला जन्मभर छळतो.

विक्रीच्या कागदावरचे नाव

नावांची गोष्ट इथे थोडी सांगायलाच हवी. गुलामाचे नाव मालक ठेवी. याच कादंबरीत एका मळ्यावरचे तीन पुरुष पॉल ए, पॉल डी आणि पॉल एफ आहेत. पोती ओळखायला अक्षर घालावे तसे. सेथीच्या सासूला मालक जेनी म्हणत, कारण विक्रीच्या कागदावर तसे लिहिले होते. मुलाने तिचे स्वातंत्र्य विकत घेतल्यावर ती सांगते, माझे नाव बेबी सग्ज. सुटलेल्या बाईला हे नाव शोभत नाही, असे मालक म्हणतो. पण तिचा नवरा तिला ‘बेबी’ म्हणत असे, सग्ज हे त्याचे आडनाव. तो कुठे असेल ठाऊक नाही. शोधत आलाच तर जेनी नावाच्या बाईला तो कसा ओळखणार? म्हणून ती तेच नाव ठेवते.

कादंबरीबाहेरही हेच घडत होते. फ्रेडरिक बेली नावाचा गुलाम १८३८ मध्ये पळाला आणि नवे आडनाव घेऊन फ्रेडरिक डग्लस म्हणून जगाला माहीत झाला. राल्फ एलिसन यांनी १९५२ मध्ये आपल्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत नायकाला शेवटपर्यंत नावच दिले नाही. मॉरिसन यांचे स्वतःचे मूळ नाव क्लोई वॉफर्ड. पहिल्या पुस्तकावर ‘टोनी मॉरिसन’ छापले गेले याची रुखरुख त्यांना पुढे कायम राहिली. नोबेल मिळाले तेही त्याच नावाला!

न दिसणारी खूण

ते पहिले पुस्तक म्हणजे ‘द ब्लूएस्ट आय’, १९७०. दोन लहान मुलांना एकटीने वाढवत, नोकरी सांभाळत मॉरिसन यांनी ते पुरे केले. शाळेतल्या एका काळ्या मैत्रिणीने आपल्याला निळे डोळे हवेत असे म्हटले होते, ते त्यांच्या मनातून गेले नव्हते. त्यातून अकरा वर्षांची पिकोला जन्मली. ही ओहायो राज्यातल्या लोरेन गावची. मॉरिसनही तिथल्याच.

पिकोलाच्या अंगावर कोणी काही शिवलेले किंवा डागलेले नाही. गुलामगिरी जाऊन पाऊणशे वर्षे झाली आहेत. पण दुधाच्या पेल्यावर शर्ली टेम्पल या गोऱ्या बालनटीचे चित्र आहे, गोळीच्या वेष्टनावर निळ्या डोळ्यांची मुलगी आहे, शाळेच्या वाचनपुस्तकात गोरे आईबाप आणि त्यांची गोरी मुले हिरव्या-पांढऱ्या घरात आनंदाने राहतात. दुकानदार पैसे घेताना तिच्या हाताला हात लागू नये म्हणून अडखळतो. माझे डोळे निळे झाले तर घरातली भांडणे थांबतील, असे तिला वाटते आणि ती रोज रात्री तेवढेच मागते.

तिची आई पॉलीन एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला आहे. एक दिवस पिकोला तिथे जाते आणि तिच्या हातून ओट्यावरचा गरम गोड पदार्थ खाली पडतो, पाय भाजतो. आई धावत येते, भाजलेल्या पोरीला मारते, हाकलते, आणि रडू लागलेल्या घरच्या गोऱ्या मुलीला कुशीत घेऊन समजावते. ती चिमुरडी तिला नुसते पॉली म्हणते. पोटची मुलगी तिला मिसेस ब्रीडलव्ह म्हणते. त्या कोण होत्या, असे गोरी मुलगी विचारते. त्यातली एक माझी मुलगी, एवढे शब्दही पॉलीनच्या तोंडून निघत नाहीत. पुढे बापाकडून होणारा अत्याचार, त्यातून मेलेले मूल आणि पिकोलाचे वेड या गोष्टी जास्त भयंकर आहेत हे मान्य. तरी त्या स्वयंपाकघरातच पिकोला संपली, असे मला प्रत्येक वाचनात वाटते. हेस्टर गव्हर्नरच्या घरात जाऊन मुलीसाठी भांडली होती.

ही अतिशयोक्ती नव्हे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी मुलांपुढे सारख्याच घडणीच्या, फक्त रंग वेगळा असलेल्या बाहुल्या ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे विचारले होते. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. ‘तुझ्यासारखी कोणती’ या प्रश्नावर काही मुले रडू लागली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाची नोंद घेतली. मॉरिसन यांच्या कादंबरीतली निवेदक क्लॉडिया नाताळात मिळालेली तसली बाहुली मोडून आत काय आहे ते पाहते. मोठ्यांना तो कृतघ्नपणा वाटतो.

पिकोलाचे मूल जगावे म्हणून क्लॉडिया आणि तिची बहीण झेंडूचे बी पेरतात. त्या वर्षी झेंडू कुठेच उगवत नाही. (आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, हे जाता जाता.) ही कादंबरी शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाका, अशी मागणी अमेरिकेत आजही अधूनमधून होते. आणि गोरेपणाचे वचन नावातच मिरवणाऱ्या आपल्याकडच्या एका प्रसिद्ध क्रीमला ते नाव बदलण्याची गरज वाटली ती २०२० मध्ये.

आपला या साहित्याशी धागा मात्र क्रीमपुरता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेमची कृष्णवर्णीय वस्ती तिथून जवळच. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या त्यांच्या लोकांच्या अर्जाची प्रत मागवली होती. मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी मराठी वाचकांना तिकडच्या साहित्याची ओळख करून दिली. ‘हरिजन’ हे इतरांनी दिलेले नाव बाजूला सारून या लेखकांनी ‘दलित’ हा शब्द कथाकवितांतून ताठ मानेने मिरवला. हेस्टरची जरीची सुई इथे लेखणी झाली होती.

हेस्टरची गोष्ट मात्र थोडी राहिली आहे. धर्मोपदेशकाने चौथऱ्यावर सर्वांसमोर कबुली देऊन प्राण सोडल्यावर ती मुलीला घेऊन समुद्रापार निघून जाते. बरीच वर्षे झोपडी बंद असते. मग एके दिवशी ती एकटीच परत येते आणि कोणीही सांगितलेले नसताना ते लाल अक्षर पुन्हा छातीवर लावते. मनाने पोळलेल्या बायका सल्ला विचारायला तिच्याकडे येऊ लागतात. पर्ल परदेशात सुखात नांदते आहे, असा गावाचा तर्क असतो, कारण दूरदेशाहून शिक्कामोर्तब झालेली पत्रे येतात, भेटी येतात. आणि हेस्टर एक झबले भरताना काहींना दिसलेली असते. त्या झबल्यावर तिने इतकी सोनेरी जर घातलेली असते, की त्या गावातल्या बाळाला तसले कपडे घातले असते तर ओरड झाली असती.